पिवळ्या घरातील परदेशी

कलावंताच्या आयुष्याविषयी जनमानसात काही समजुती फार खोलवर रुजलेल्या आहेत. दिवसा झोपावे, रात्री भटकावे, हाती येईल तो पैसा मद्यात आणि रंगढंगात उधळावा आणि अखेरीस वेडाच्या भरात मरून जावे, असे एक चित्र आपण मनाशी रेखाटून ठेवलेले असते. या चित्राला साऱ्या जगात कोणाचे नाव अधिक चिकटले असेल, तर ते डच चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग याचे. ज्याने त्याचे एकही चित्र पाहिलेले नाही, त्यालाही त्याच्या कापलेल्या कानाची गोष्ट ठाऊक असते. परंतु त्याच्या पत्रव्यवहारात त्याच्या दैनंदिन जीवनाचा जो तपशीलवार हिशेब शिल्लक राहिला आहे, तो नजरेखालून घातला म्हणजे या समजुतीस जबर धक्का बसतो. फ्रान्स देशातील आर्ल या गावी परका म्हणून त्याने काढलेले सुमारे पंधरा महिने या दृष्टीने विशेष अभ्यसनीय होत. त्या दिवसांचा आणि त्या रात्रींचा वृत्तांत वाचकांपुढे ठेवण्याचा येथे मानस आहे.

व्हिन्सेंटचा जन्म ता. ३० मार्च १८५३ रोजी हॉलंडच्या दक्षिण भागातील झुंडर्ट या खेड्यात झाला. वडील धर्मोपदेशक होते. घराण्यात चित्रविक्रीचा व्यवसाय चालत आलेला असल्याने वयाच्या सोळाव्या वर्षी तो द हेग येथे गूपिल या विख्यात पेढीत नोकरीस लागला. तेथून लंडन, लंडनहून पॅरिस असा त्याचा प्रवास झाला. पण गिऱ्हाइकास खूश ठेवण्याची कला त्याच्या अंगी नव्हती, आणि १८७६ मध्ये ती नोकरी सुटली. पुढे बेल्जियममधील बोरिनाज या कोळशाच्या खाणींच्या मुलुखात तो धर्मप्रचारक म्हणून गेला. तेथे अंगावरचे कपडे देखील खाणकामगारांना वाटून टाकून तो त्यांच्यासारखाच राहू लागला. त्याच्या वरिष्ठांना ही निष्ठा मानवली नाही व त्याची नेमणूक पुढे चालू राहिली नाही. अशा प्रकारे सर्व दारे बंद झाल्यावर, १८८० साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याने चित्रकार होण्याचे ठरविले.

यापुढील त्याच्या आयुष्याचा उल्लेख धाकटा भाऊ थिओ याच्यावाचून करताच येत नाही. थिओ त्याच गूपिल पेढीत चढत चढत पॅरिसमधील एका शाखेचा व्यवस्थापक झाला होता. आपल्या मिळकतीतून तो वडील भावास दरमहा पैसे पाठवी. व्हिन्सेंट स्वाभिमानी होता. आपण काढू ती चित्रे थिओच्या मालकीची आणि त्याचे पैसे हा त्या चित्रांचा मोबदला, असा करार १८८४ च्या आरंभी त्याने स्वतःच पुढे होऊन सुचविला. त्या चित्रांना त्या वेळी बाजारात कवडीची किंमत नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होते; तथापि करार उभयतांनी अखेरपर्यंत पाळला.

१८८६ च्या फेब्रुवारीअखेर व्हिन्सेंट आगाऊ कळविल्यावाचून पॅरिसला थिओच्या बिऱ्हाडी येऊन दाखल झाला. जूनमध्ये दोघे भाऊ मोंमार्त्रच्या टेकडीवरील ल्युपिक रस्त्यावर मोठ्या जागेत राहावयास गेले. पॅरिसची ही दोन वर्षे म्हणजे त्याच्या आयुष्यातील सर्वांत गजबजलेला काळ. तूलूझ-लोत्रेक, एमिल बर्नार, पॉल सिन्याक असे समवयस्क व तरुण चित्रकार भेटले. रंगविक्रेते तांगी यांच्या दुकानात दिवसा बैठक जमे, आणि रात्री क्लिशी मार्गावरील तांबूरँ या कॅफेत. हा कॅफे आगोस्तिना सेगातोरी नावाची एक इटालियन बाई चालवीत असे. तरुणपणी तिने नामांकित चित्रकारांपुढे बसून आपली चित्रे काढू दिली होती. तेथील मेजे देखील डफाच्या आकाराची होती. व्हिन्सेंटचे तिच्याशी काही काळ प्रेमसंबंध होते. त्याने तिचे चित्र काढले, आणि आपल्या संग्रहातील जपानी मुद्राचित्रांचे प्रदर्शन तिच्याच भिंतींवर मांडले. पुढे हे संबंध बिनसले.

या काळात त्याचे मद्यपान वाढले, यात संशय नाही. अ‍ॅब्सिंथ नावाची हिरवट, कडक दारू तेव्हा पॅरिसच्या कॅफेत सर्रास घेतली जाई. लोत्रेकने काढलेल्या चित्रात व्हिन्सेंट अशाच एका पेल्यापुढे वाकून बसलेला दिसतो. घरी वादविवाद रात्री उशिरापर्यंत चालत, आणि दिवसभर पेढीवर राबून आलेल्या थिओस त्यांचा इतका त्रास होई की, हे सहजीवन असह्य झाल्याचे त्याने आपल्या बहिणीस कळविले होते. असे असूनही त्याने भावास घराबाहेर काढले नाही. आणि या दोन वर्षांत व्हिन्सेंटने दोनशेहून अधिक चित्रे रंगविली. समोर बसणाऱ्यास द्यावयास पैसे नसल्याने आरशात पाहून स्वतःचीच पंचवीसहून अधिक चित्रे काढली. केवळ रंगेल मनुष्याच्या हातून एवढे काम होत नाही.

शहराच्या दगदगीने शरीर खचले, तेव्हा सूर्यप्रकाशाच्या शोधात तो दक्षिणेस निघाला. ता. २० फेब्रुवारी १८८८ रोजी तो आर्ल येथे उतरला, त्या दिवशी तेथे बर्फ पडलेले होते. रोन नदीच्या काठी वसलेले हे जुने रोमन गाव. गावकरी आपापसांत प्रोव्हान्स प्रांताची बोली बोलत. व्हिन्सेंटला फ्रेंच उत्तम येत असे, परंतु ही बोली त्याची नव्हती. तांबूस दाढी, उन्हाने भाजलेला चेहरा, डोक्यावर गवती टोपी आणि पाठीवर चित्रफलकाचे ओझे घेऊन शेतांतून हिंडणारा हा माणूस गावकऱ्यांना विलक्षण वाटला असल्यास नवल नाही.

आरंभी तो कारेल यांच्या खाणावळीत उतरला. त्याची चित्रे जागा अडवितात, या कारणास्तव मालकाने अधिक पैसे लावले. व्हिन्सेंटने ती गोष्ट न्यायाधिकाऱ्यापुढे नेली व बारा फ्रँक कमी करून घेतले. पैसे उधळणारा मनुष्य बारा फ्रँकांसाठी एवढी खटपट करीत नाही, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. मे महिन्याच्या आरंभी त्याने लामार्तिन चौकात एका पिवळ्या रंगाच्या घराचा उजवा भाग भाड्याने घेतला. खाली दोन खोल्या, वर दोन, भाडे महिना पंधरा फ्रँक. घर बरेच दिवस मोकळे पडलेले व सामानावाचून होते. म्हणून दिवसा तेथे चित्रे काढावी आणि रात्री शेजारच्या कॅफे द ला गारमध्ये जोसेफ व मारी जिनू या दांपत्याने भाड्याने दिलेल्या खोलीत झोपावे, असा क्रम सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालला.

त्याची दिनचर्या शेतकऱ्याच्या दिनचर्येसारखी होती. पहाटे उठून तो गावाबाहेर जाई, आणि कडक उन्हात, मिस्त्राल नावाचा झोंबरा वारा सुटला तर चित्रफलक खुंट्यांनी जमिनीस जखडून, सायंकाळपर्यंत काम करी. जेवण खाणावळीत. पोट नाजूक झालेले, आणि मनाजोगते सात्त्विक अन्न गावात मिळणे कठीण. थिओची पाकिटे येत, त्यांत पन्नास किंवा शंभर फ्रँकांची नोट असे. त्यातील मोठा भाग रंग, कॅनव्हास, चौकटी आणि समोर बसणाऱ्यांची बिदागी यांत जाई. पोटाचा क्रमांक शेवटी लागे. ऑक्टोबरमध्ये एकदा गुरुवार ते सोमवार असे दिवस त्याने मुख्यतः तेवीस पेले कॉफीवर आणि उधारीच्या पावावर काढले. मात्र त्या सुमारास त्याच्या कुंचल्याखालून एकामागून एक उत्तम चित्रे बाहेर पडत होती.

आता रात्रींकडे वळू. परमुलुखात एकट्या माणसास दिवस कसाही घालविता येतो. कामात तो निघून जातो. सायंकाळी दिवे लागले म्हणजे मात्र कोणाच्या घरी जावे, हा प्रश्न उभा राहतो. व्हिन्सेंटला जाण्यासारखे ठिकाण एकच होते, ते म्हणजे कॅफे. तेथे त्याची गाठ जोसेफ रूलँ याच्याशी पडली. रूलँ हा रेल्वे स्टेशनवरील टपालखात्यातील कर्मचारी, भव्य दाढीचा, निळ्या गणवेषाचा, प्रजासत्ताकाचा कट्टर अभिमानी आणि पेल्याचा शौकीन. महिना एकशे पस्तीस फ्रँक पगारात तीन मुलांचा संसार तो चालवीत असे. चित्रासाठी बसण्याचा मोबदला त्याने घेतला नाही. त्याऐवजी व्हिन्सेंटबरोबर खाणेपिणे होई, आणि ते मोबदल्याहून महाग पडे. पण या मैत्रीतून रूलँचे घर त्याला खुले झाले. रूलँ, त्याची पत्नी, दोन मुलगे आणि तान्ही मुलगी अशा सबंध कुटुंबाची चित्रे त्याने काढली. आर्लमध्ये त्याला लाभलेले घरपण ते एवढेच.

दुसरा सोबती मिलिए हा झुआव्ह पलटणीतील तरुण अधिकारी. व्हिन्सेंट त्याला चित्रकलेचे धडे देई. उलट मिलिएने पॅरिसला जाताना चित्रांची एक मोठी गुंडाळी थिओकडे पोहोचविली. गावातील स्त्रिया या देखण्या सैनिकावर भाळत, याचा व्हिन्सेंटला थट्टेवारी हेवा वाटे. चौकापासून थोड्या अंतरावर, वेशीच्या आत, गणिकांची वस्ती होती. तेथे व्हिन्सेंटही जात असे. ही गोष्ट त्याने पत्रांतून लपविलेली नाही, आणि चरित्रकारानेही लपवू नये. परंतु शरीराची चैन आणि चित्रकर्म या दोहोंना पुरेल एवढी शक्ती आपणांत नाही, अशी त्याची ठाम धारणा होती, आणि मित्रांसही तो संयमाचाच सल्ला देई. तिसरा सोबती बेल्जियन चित्रकार यूजीन बॉक. त्याचे चित्र काढताना व्हिन्सेंटने त्याच्या मस्तकामागे तारांकित निळे आकाश घातले आहे.

सप्टेंबर १८८८ मधील त्याच्या रात्री तर कलेच्या इतिहासात नोंदल्या गेल्या आहेत. जिनू यांचा कॅफे रात्रभर उघडा असे. ज्यांच्यापाशी खोलीचे भाडे नाही, किंवा नशेमुळे ज्यांना कोणी दारात उभे करीत नाही, असे निराधार लोक तेथे मेजांवर डोके टेकून रात्र काढीत. व्हिन्सेंट ओळीने तीन रात्री तेथे जागला आणि दिवसा झोपला. पण तो तेथे बसला होता तो रंगांच्या पेट्या उघडून. लाल भिंती, हिरवे छत, मध्यभागी बिलियर्डचे मेज, वर जळणारे चार दिवे आणि भिंतीलगत मान टाकून बसलेली माणसे. घड्याळात मध्यरात्र उलटून गेलेली. हे चित्र त्याने कॅफेमालकाच्या देण्यापोटी काढले. आज ते अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे.

त्याच महिन्यात फोरम चौकातील कॅफेच्या सज्जाचे चित्र झाले. पिवळ्या प्रकाशात न्हालेली मेजे आणि वर ताऱ्यांनी भरलेले निळे आकाश असे ते सुप्रसिद्ध चित्र आज हॉलंडमध्ये ओटर्लो येथील क्रलर-म्यूलर संग्रहालयात पाहावयास मिळते. पाठोपाठ रोन नदीवरील तारांकित रात्र त्याने गॅसच्या दिव्याखाली उभे राहून रंगविली. टोपीवर मेणबत्त्या लावून तो चित्रे काढी, ही पुढे पसरलेली कथा मनोरंजक खरी. पण साध्या गॅसच्या दिव्याने त्याचे काम भागत होते. गावाला ज्या रात्री त्याने उनाडपणात घालविल्या असे वाटत होते, त्यांपैकी कित्येक रात्री अशा होत्या.

ता. १७ सप्टेंबरच्या सुमारास तो पिवळ्या घरात राहावयास गेला. थिओने वारशातून मिळालेल्या पैशांपैकी तीनशे फ्रँक पाठविले होते. एकट्या माणसाने त्यातून काय घ्यावे? व्हिन्सेंटने दोन पलंग घेतले, प्रत्येकी दीडशे फ्रँकांचे. आणि बारा खुर्च्या. एक पलंग अक्रोडाच्या लाकडाचा, तो येणाऱ्या पाहुण्यासाठी. दुसरा साध्या लाकडाचा, तो स्वतःसाठी. पाहुण्याच्या खोलीत लावण्यासाठी त्याने सूर्यफुलांची चित्रे काढून ठेवली होती. चित्रकारांनी एकत्र राहावे, एका चुलीवर जेवावे, एकमेकांस आधार द्यावा, अशी वसाहत या घरात उभी करण्याचा त्याचा संकल्प होता. त्या बारा खुर्च्यांत त्याची सारी आशा दिसते.

पाहुणा एकच आला. ता. २३ ऑक्टोबरच्या पहाटे पॉल गोगँ आर्लला पोहोचला, आणि उजाडण्याची वाट पाहत त्याच रात्रभर चालणाऱ्या कॅफेत शिरला. त्याने आधी पाठविलेले स्वतःचे चित्र व्हिन्सेंटने कॅफेमालकास दाखविले होते. त्यावरून मालकाने पाहुण्यास तत्काळ ओळखले. गोगँ वयाने पाच वर्षांनी वडील. पूर्वी खलाशी, नंतर शेअरबाजारातील नोकर, असा व्यवहारात मुरलेला. त्याने घरात शिस्त आणली. एका पेटीत पैसे ठेवले ते रात्रीच्या सहलींसाठी, तंबाखूसाठी आणि भाड्यासह किरकोळ खर्चासाठी. पेटीवर कागद व पेन्सिल. जो जेवढे घेईल त्याने तेवढे प्रामाणिकपणे लिहावे. दुसऱ्या पेटीत चार आठवड्यांच्या जेवणाचे चार भाग. स्वयंपाक गोगँ करी, बाजार व्हिन्सेंट आणी. एकदा व्हिन्सेंटने हौसेने सूप केले. ते दोघांपैकी कोणासही खाता आले नाही, असे गोगँने पुढे लिहून ठेवले आहे. कलावंतांच्या या तथाकथित स्वैर रात्री अशा पेटीतून मोजून निघत होत्या!

काही आठवडे बरे गेले. पुढे पावसाने दोघांना घरात कोंडले. चित्रकलेविषयी मते भिन्न, स्वभाव त्याहून भिन्न. वाद विकोपास जाऊ लागले, आणि गोगँ जाण्याच्या गोष्टी बोलू लागला. ज्या घरात बारा खुर्च्या मांडल्या, ते घर पुन्हा रिकामे होणार, हे दुःख व्हिन्सेंटला पेलवले नाही. ता. २३ डिसेंबर १८८८ च्या रात्री त्याने वस्तऱ्याने आपला कान कापला, आणि तो गुंडाळून गणिकागृहातील एका तरुणीस नेऊन दिला. कानाचा केवळ थोडा भाग कापला गेला असे बराच काळ मानले जाई. परंतु त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर फेलिक्स रे यांनी पुढे काढून दिलेली आकृती २०१६ साली प्रसिद्ध झाली, तीवरून जवळजवळ संपूर्ण कान गेल्याचे दिसते. ती तरुणी गणिका नसून तेथे मोलमजुरी करणारी होती, असेही त्याच संशोधनात आढळून आले.

थिओ तातडीने गाडीत बसून नाताळच्या दिवशी आर्लला येऊन पोहोचला. त्याचा विवाह नुकताच ठरला होता. गोगँ निघून गेला. रुग्णालयात व्हिन्सेंटची विचारपूस करीत राहिला तो टपालखात्यातील रूलँ. त्याच्या पत्नीनेही फेरी घातली, आणि थिओस बातमी कळविणारी पत्रे रूलँकडूनच जात. धर्मोपदेशक साल यांनीही पुष्कळ आपुलकी दाखविली. ता. ७ जानेवारीस व्हिन्सेंट घरी परतला व कामास लागला. पण आजार पुन्हा उलटला, आणि त्याच सुमारास रूलँची बदली मार्सेय येथे झाली.

फेब्रुवारीअखेर शेजारच्या सुमारे तीस रहिवाशांनी नगराध्यक्षांकडे अर्ज केला. हा मनुष्य अति मद्यपान करतो, त्याच्यापासून बायकामुलांस भय वाटते, तरी त्याला घरच्यांकडे पाठवावे किंवा वेड्यांच्या रुग्णालयात ठेवावे, असा त्याचा आशय होता. पोलिसांनी घरास कुलूप घातले आणि व्हिन्सेंटला रुग्णालयात कोंडले. शेजाऱ्यांचे भय सर्वस्वी खोटे होते असे म्हणता येणार नाही. रक्ताने माखलेल्या घराची हकिकत वर्तमानपत्रात आली होती. पण त्या तीस जणांपैकी कितींनी पूर्वी कधी त्याच्या दारात पाऊल टाकले असेल? एका आजारी माणसाविरुद्ध इतके लोक एकत्र झाले, याचे शल्य त्याच्या पत्रात शांत शब्दांत उमटले आहे. प्रतिकार केला तर वेडाचाच पुरावा ठरेल, हे ओळखून तो गप्प राहिला. मार्चमध्ये सिन्याक त्याला भेटावयास आला, तेव्हा दोघांनी कुलूप तोडून घरात प्रवेश केला, आणि सिन्याकने ती चित्रे डोळे भरून पाहिली.

यापुढील कथा थोडक्यात सांगितली तरी चालेल. १८८९ च्या मे महिन्यात तो आपखुशीने सेंट-रेमी येथील रुग्णालयात दाखल झाला. तेथे जूनमध्ये ‘तारांकित रात्र’ हे त्याचे जगद्विख्यात चित्र जन्मास आले. १८९० च्या आरंभी ब्रुसेल्सच्या प्रदर्शनात आर्ल येथे काढलेले ‘लाल द्राक्षमळा’ हे चित्र चारशे फ्रँकांस विकले गेले. विकत घेणारी ॲना बॉक ही त्याच्या आर्लमधील सोबत्याची बहीण होय. मे १८९० मध्ये तो पॅरिसजवळ ओव्हेर येथे राहावयास गेला. घरसामान जिनू दांपत्याने आपल्या कॅफेत सांभाळून ठेवले होते. त्यांस लिहून त्याने आपले दोन पलंग मागविले. म्हणजे पुन्हा बिऱ्हाड थाटावे, ही इच्छा अद्याप मेली नव्हती. परंतु ता. २७ जुलै रोजी त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली आणि ता. २९ रोजी थिओच्या सान्निध्यात प्राण सोडला. वय अवघे सदतीस. सहा महिन्यांतच, ता. २५ जानेवारी १८९१ रोजी, थिओही गेला. त्याची तरुण विधवा योहाना हिने ती न विकलेली चित्रे जिवापाड जपली, प्रदर्शने भरविली आणि १९१४ साली व्हिन्सेंटची थिओस लिहिलेली पत्रे प्रसिद्ध केली. आज आपणांस त्याच्या जेवणाखाणाचा आणि रात्रीच्या जागरणाचा हिशेब माहीत आहे तो या बाईच्या कष्टामुळे. ते पिवळे घर मात्र १९४४ साली महायुद्धातील बाँबवर्षावात उद्ध्वस्त झाले.

आर्लमधील सुमारे पंधरा महिन्यांत व्हिन्सेंटने जवळजवळ दोनशे चित्रे रंगविली. तो पीत असे, भटकत असे, आणि काही वेळा त्याचे वर्तन शेजाऱ्यांस दुःसह होई, हे सर्व खरे. परंतु जमाखर्च मांडला तर उधळपट्टीच्या बाजूस फार थोडे निघते. रंग, कॅनव्हास, दुसऱ्यासाठी घेतलेला पलंग आणि बारा खुर्च्या यांकडेच पैसा गेलेला दिसतो. तो रात्री घराबाहेर पडे तो बहुधा माणसांच्या ओढीने. एकशे पस्तीस फ्रँक पगाराच्या टपाल कर्मचाऱ्याने ती ओढ ओळखली, आणि आपल्या घराचे दार उघडले. आपल्या वस्तीतही एखादा परप्रांतीय, एकटा, वेळीअवेळी दिवा जाळीत बसणारा भाडेकरू असतो. त्याच्याविषयी अर्ज लिहावयास बसण्यापूर्वी त्याच्याकडील एखाद्या रिकाम्या खुर्चीवर घटकाभर जाऊन बसणे आपणांपैकी कोणासही अशक्य नाही. इत्यलम्.